बाधतं, पण किती?

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्याच घरांत थोडी कुरकुर असते. कुणाचं पोट गुडगुडतंय, कुणी तिसऱ्यांदा संडासला जाऊन आलंय. दोष जातो जागरणाला, नाहीतर भज्यांच्या तेलाला. आटवलेल्या मसाला दुधावर कुणी संशय घेत नाही, कारण दूध म्हणजे पूर्णान्न, ते कसं बाधेल? याच्या उलट टोकाची मंडळीही हल्ली भेटतात. जरा पोट फुगलं की त्यांनी दूध, गहू, कांदा-लसूण आणि डाळी एका आठवड्यात बंद केलेल्या असतात, आणि महिन्याभराने ती भात-मुगावर येऊन टेकलेली असतात. खालचं सगळं या दोन्ही मंडळींसाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. अन्न न सोसणं वेगळं आणि अन्नाची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते. कोळंबी, शेंगदाणा, अंडं, कधी दूधसुद्धा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ-जीभ सुजते, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. इथे प्रमाणाला अर्थ नसतो, कणभर पदार्थही जिवावर बेतू शकतो. असं एकदा जरी झालं असेल तर घरी कसलेही प्रयोग करू नका, थेट डॉक्टर गाठा. अन्न न सोसण्याचा मामला मात्र बहुतेक वेळा आतड्यापुरता असतो. पोट डब्ब होतं, वात धरतो, मुरडा येतो, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण जीव जात नाही. मुख्य म्हणजे तो प्रमाणावर ठरतो. अर्धा कप चालतो, दोन कप चालत नाहीत. म्हणून 'मला काय बाधतं?' एवढं विचारून भागत नाही, 'किती बाधतं?' हेही विचारावं लागतं. लोक नेमकं तेच विचारत नाहीत.

दुधाचंच उदाहरण धरू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईचं असो वा म्हशीचं, १०० मिलिलिटर दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते. ती आहे तशी रक्तात जाऊ शकत नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातलं विकर, असतं. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं, मगच ती शोषली जाते. तान्ह्या बाळात लॅक्टेज भरपूर असतं, कारण आईच्या दुधात तर १०० मिलिलिटरमागे ७ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं. दूध सुटण्याच्या वयानंतर जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांत हे एन्झाइम हळूहळू कमी होतं. तेव्हा दूध न पचणं हा आजार नव्हे. मोठेपणी दूध पचवणारेच संख्येने कमी आहेत. युरोपीय लोकांत सापडणारा जनुकातला बदलच भारतातल्या दूध पचवणाऱ्यांतही प्रामुख्याने आढळतो. त्याचं प्रमाण वायव्येकडे जास्त आहे आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी होत जातं. पंजाबातल्या माणसाचा लस्सीचा पेला पाहून स्वतःच्या पोटाला कमी लेखायचं कारण नाही.

न फुटलेलं लॅक्टोज लहान आतड्यात पाणी खेचतं आणि तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथल्या जिवाणूंना ती मेजवानीच. ते ती साखर आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. पाण्याने जुलाब होतात, वायूने पोट फुगतं. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही हे सुरू होतं, आणि साखर बाहेर पडली की थांबतं. आतड्याला इजा होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण 'दूध पिऊन आतडी खराब झाली' असं लोक घाबरून बोलतात.

उलटं मात्र होतं. आतड्याला आधी दुसऱ्याच कशाने इजा होते आणि त्यामुळे दूध पचेनासं होतं. लहान मुलाला जोराचे जुलाब झाले की अस्तराबरोबर लॅक्टेजही जातं, आणि काही दिवस किंवा काही आठवडे वरचं दूध बाधतं. अंगावरचं दूध मात्र अशा वेळीही बंद करायचं नसतं. मोठ्या मुलाला ओआरएस, मऊ दहीभात द्यावा, अस्तर भरून आलं की दूध पुन्हा सुरू करावं. अशा तात्पुरत्या त्रासावरून मुलाच्या नावापुढे कायमचं 'याला दूध चालत नाही' लागलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता स्वयंपाकघरातला हिशेब. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर दूध, फारसा त्रास न होता सोसतं, असं तज्ज्ञांचं सर्वसाधारण मत आहे. जेवणासोबत घेतलं तर आणखी बरं, कारण पोट सावकाश रिकामं होतं. चहाच्या कपात जेमतेम ५० मिलिलिटर दूध पडतं, म्हणजे अडीच ग्रॅम. तेवढ्याने त्रास होतो म्हणणाऱ्याने लॅक्टोज सोडून दुसरीकडे पाहावं. रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा हाच पहिला संशयित.

गोम असते आटवलेल्या दुधात. आटवताना पाणी उडतं, साखर तिथेच राहते. लिटरभर दूध आटवून अर्धं केलं की १०० मिलिलिटरमागे लॅक्टोज १० ग्रॅमवर जातं. बासुंदीची दुसरी वाटी का भोवते, ते यातून कळेल. खवा तर त्याहून दाट. १०० ग्रॅम खव्यात २० ग्रॅमच्या वर लॅक्टोज असतं. प्रसादाचा एक पेढा निभावतो, चार पेढे म्हणजे ग्लासभर दूधच झालं. दुधाची भुकटीही तशीच, आणि ती बिस्किटांत, चॉकलेटात, हॉटेलातल्या दाट ग्रेवीत असते.

दह्याची बाजू वेगळी. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन टाकतात, आणि जिवंत पोटात गेले की तिथेही ती साखर फोडायला हात लावतात. म्हणून तेवढंच लॅक्टोज दह्यातून गेलं तर कमी बाधतं. कढीत ते जिवाणू उकळून मरतात, तेव्हा त्यांचा पोटातला उपयोग संपतो, साखर तेवढी दह्याइतकीच कमी राहते. चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज गळून जातं, म्हणून बासुंदीने बेजार होणाऱ्याला श्रीखंड चालून जातं. पनीरचंही तेच. लोण्यात लॅक्टोज नावापुरतं, तुपात जवळपास नाहीच. दूध बाधतं म्हणून वरणभातावरचं तूप बंद करणाऱ्यांची मला कीव येते. शेळीचं दूध, देशी गाईचं दूध, महागडं ए-टू दूध यांतही लॅक्टोज साधारण तेवढंच असतं. त्यांचे इतर गुण काय असायचे ते असोत, लॅक्टोजच्या त्रासावर तो उतारा नाही.

त्रास खरोखर लॅक्टोजचाच आहे का, हे निरोगी प्रौढ माणसाला घरच्या घरी बऱ्यापैकी ताडून पाहता येतं. आठ-दहा दिवस दूध आणि दुधाचे आटीव पदार्थ बाजूला ठेवा. दही-ताकही नको. रोज वहीत दोन ओळी लिहा. काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं होतं. आठवणीवर विसंबू नका, पोट दुखलं की आपण शेवटच्या खाल्लेल्या पदार्थाला पकडतो, खरा गुन्हेगार दुपारच्या जेवणात असतो. मग एका सकाळी रिकाम्या पोटी २५० मिलिलिटर दूध, बिस्किट-पोहे काही न घेता. पुढचे तीन-चार तास फक्त पाणी. काय होतं ते लिहा.

याहून पक्की पद्धत म्हणजे डोळे झाकून परीक्षा. बाजारात लॅक्टोज-फ्री दूध मिळतं. त्यात लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, त्यामुळे ते थोडं गोड लागतं. घरच्या कुणालातरी सांगा की काही दिवस हे, काही दिवस ते असं दूध द्यायचं, साध्या दुधात किंचित साखर घालायची म्हणजे चवीवरून ओळखू येणार नाही, आणि कोणत्या दिवशी काय दिलं याची चिठ्ठी स्वतःजवळ ठेवायची. तुम्ही फक्त पोटाची नोंद करायची, शेवटी दोन्ही कागद जुळवायचे. ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असंच केलं होतं. दूध अजिबात चालत नाही असं ठामपणे सांगणारी ३० माणसं घेतली. त्यांतल्या ९ जणांना तपासणीत लॅक्टोज नीट पचत होतं. उरलेल्या २१ जणांना पचत नव्हतं, तरी न्याहारीबरोबर रोज एक कप दूध घेतल्यावर साध्या आणि लॅक्टोज-फ्री दुधात त्यांना म्हणण्यासारखा फरक जाणवला नाही. भीतीनेही पोट गुडगुडतं.

नेमकी तपासणी हवी असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी होते. रात्रभर उपाशी राहून सकाळी पाण्यातून ठरावीक लॅक्टोज, बहुधा २५ किंवा ५० ग्रॅम, प्यायचं आणि दोन-तीन तास ठरावीक अंतराने यंत्रात फुंकायचं. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तो जिवाणूंकडूनच येतो. श्वासात तो वाढला, म्हणजे साखर न पचता खाली पोचली. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते आधी सांगा, निकाल चुकू शकतो. याउलट रक्ताच्या एका नमुन्यावर शे-दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' यादी देणाऱ्या आयजीजी चाचण्यांवर पैसे घालवू नका. त्या प्रतिपिंडांचा अर्थ एवढाच, की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ सालीच निदानासाठी या चाचण्या वापरू नका असं सांगितलं आहे. रोजच्या जेवणातले पंचवीस पदार्थ लाल शाईत छापून आले, की माणूस बिचारा खाणार काय?

दूध पूर्ण बंद करण्याआधी आणखी एक विचार करा. शाकाहारी घरात बी-१२ जीवनसत्त्वाचा नेहमीचा स्रोत दूध-दही हाच असतो. तो तोडला तर कालांतराने मुंग्या, थकवा, रक्तातला लोचा घेऊन डॉक्टरांकडे जावं लागेल. कॅल्शियमही पाहावं लागतं. भारतीय प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलं आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, शिवाय तीळ, राजगिऱ्याचा पाला, काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे आहेत. दोन वाट्या दही किंवा ताक जेवणात राहिलं तर अर्धी चिंता मिटते. थोडं थोडं दूध रोज घेत राहिलं तर मोठ्या आतड्यातले जिवाणूही जुळवून घेतात, गॅस कमी होतो. पूर्ण बंदीने हा सरावही जातो.

दुधाइतकंच मोठं दुसरं घर डाळी-कडधान्यांचं. रॅफिनोज, स्टॅकिओज या त्यांतल्या साखरा फोडणारं एन्झाइम माणसाजवळ मुळातच नाही, कुणाजवळच नाही. राजमा, छोले, वाल खाऊन वात होणं हे सगळ्यांचंच. मग एकालाच कळा का येतात? वायू दोघांत सारखाच असू शकतो, पण एकाचं आतडं त्या ताणाला हळवं असतं. आपल्या आज्यांनी उपाय करून ठेवला आहे. रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, वालाची सालं काढून बिरडं करायचं. भिजवण्यात आणि मोड येण्यात या साखरा खरोखर कमी होतात. कुकरच्या घाईत न भिजवता शिजवलेल्या छोल्यांना दोष देण्याआधी हे करून पाहा.

कांदा, लसूण आणि गहू यांतली साखर फ्रुक्टान. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ पासून अशा आंबणाऱ्या साखरांचा गट करून त्याला फॉडमॅप हे नाव दिलं. हळव्या आतड्याच्या रुग्णांना दोन ते सहा आठवडे हा गट कमी करायचा आणि मग एकेक पदार्थ परत आणत आपली मात्रा शोधायची, ही त्यांची रीत. लोक पहिला भाग करतात, दुसरा विसरतात, आणि आयुष्यभर अर्धपोटी राहतात. जमल्यास आहारतज्ज्ञ सोबत घ्या. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांत या प्रयोगाचा एक तुकडा आयता होतो. कांदेनवमीला भजी-थालीपीठ हाणायचं आणि मग चार महिने कांदा-लसूण बंद. त्या काळात पोट हलकं राहतं का, आणि नंतर किती कांद्याला ते बोलायला लागतं, एवढं टिपून ठेवलं तरी पुष्कळ. लसणाचा वास सोडवत नसेल तर एक सोय आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. फोडणीच्या तेलात पाकळ्या अख्ख्या तळून बाहेर काढल्या की वास राहतो, फ्रुक्टान जातं. आमटीत उकळून मग पाकळ्या काढल्या तर उपयोग नाही.

या सगळ्याची बेरीज होते हे लक्षात ठेवा. हापूसमध्ये फ्रुक्टोज जास्त. त्याच्या रसात दूध, सोबत गव्हाच्या पुऱ्या, बाजूला कांद्याची भजी. यातला कुठलाही एक पदार्थ एरवी सोसतो, पण मे महिन्यातल्या त्या एका ताटात चारही जमा होतात. आंबा बाधला असं म्हणून मोकळं होण्यात अन्याय आहे. रसात दूध घालू नका, पुऱ्यांऐवजी तांदळाची घावनं करा, मग बघा.

गव्हाबाबत घाई मुळीच नको. सीलिॲक हा आजार वेगळा, त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर नासवतं. इथे मात्रेची सवलत नाही, गहू कायमचा आणि पूर्ण बंद. त्याची रक्तचाचणी गहू खात असतानाच करायची असते. आधी महिना-दोन महिने पोळी सोडून गेलात तर चाचणी खोटाच दिलासा देऊ शकते. निदान झालंच, तर ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदूळ खाणाऱ्या मुलखात राहतो हे आपलं भाग्य, फक्त दोन चोरवाटा बंद करा. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ येतंच, आणि भाजणीत तर बऱ्याच घरी गहू घालतातच. दुसरी वाट हिंगाची. बाजारातल्या बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, डबीवरचा मजकूर वाचून घ्या. सीलिॲक नाही, पण पोळी बंद केल्यावर बरं वाटतं, अशांचा खरा प्रश्न पुष्कळदा ग्लुटेनचा नसून फ्रुक्टानचा असतो. त्यांना दोन पोळ्यांऐवजी एक पोळी आणि भाकरी एवढ्यावर निभतं.

किनारपट्टीवरच्यांसाठी एक जोड. बांगडा किंवा सुरमई खाऊन तासाभरात चेहरा लाल, डोकं ठणकतंय, छातीत धडधड, आणि पंगतीतल्या आणखी दोघांनाही तसंच? तर मासा पकडल्यावर बर्फात नीट न राहिल्याने त्यात हिस्टामिन साठलेलं असू शकतं. शिजवून ते जात नाही. औषध डॉक्टरांकडून घ्या, पण त्यावरून आयुष्यभर मासे सोडायची गरज नसते. एकट्यालाच, आणि दर वेळी होत असेल, तर मात्र ॲलर्जीची तपासणी करा.

वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागतंय, बारीक ताप राहतोय, हिमोग्लोबिन घसरलंय, मुलाची वाढ खुंटलीय, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदललीय, यांतलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग, जंत, आमांश हे सगळं 'दूध बाधतंय' या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहू शकतं.

ज्यांचं निदान लॅक्टोजपुरतं आहे आणि ज्यांना लग्नसराईत बासुंदी सोडवत नाही, त्यांच्यासाठी औषधांच्या दुकानात लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. त्या रक्तात जाऊन काम करत नाहीत, पोटात अन्नाबरोबर मिसळूनच साखर फोडतात. म्हणून गोळी बासुंदीच्या पहिल्या चमच्याबरोबर घ्यायची. पंगत उठल्यावर, हात धुताना आठवली तर ती खिशातच राहू द्या.